मामा तलावात वर्षाला किती कार्बन पुरला जातो हे नीट कसं मोजायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोंदिया जिल्ह्यातला एक माजी मालगुजारी (मालगुजार म्हणजे जमीनदारांच्या काळातला) तलाव, म्हणजे आपला मामा तलाव, साधारण ४० हेक्टरचा, गावकरी म्हणतात अडीचशे वर्षं जुना. पाच ठिकाणचा वरवरचा गाळ हाताने काढून माती परीक्षण लॅबला दिला, सेंद्रिय कर्ब (म्हणजे कार्बन) सरासरी २.१ टक्के आला. गाळ दीड मीटर आहे असं गावात कळलं. मग क्षेत्रफळ गुणिले जाडी गुणिले डेन्सिटी (घन सेंटीमीटरला दीड ग्रॅम धरली) गुणिले २.१ टक्के, भागिले २५० वर्षं, आणि उत्तर आलं वर्षाला साधारण ७६ टन कार्बन. एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये हा आकडा टाकू का, आणि यावर गावाला कार्बन क्रेडिट मिळेल का?

नका टाकू. गुणाकार बरोबर आहे, त्यात काही नाही, पण त्या गुणाकारात २.१ सोडला तर खरा मोजलेला आकडा एकही नाहीये, आणि २.१ सुद्धा सगळ्या गाळाचा नाही, फक्त वरच्या थराचा आहे. हे फक्त तुमचंच होतं असं नाही, तलावातल्या कार्बनवर काम करायला येणारे जवळजवळ सगळे टक्क्यापासून सुरुवात करतात कारण टक्का काढणं सोपं आणि स्वस्त असतं. खरं काम दोन गोष्टींत आहे, गाळ किती वेगाने साचतोय आणि तलावभर कसा पसरलाय. टक्का त्यानंतर येतो.

तुमचाच हिशोब जरा हलवून बघा. डेन्सिटी दीड धरलीत, ती शेतातल्या मातीची असते. तलावाच्या तळाच्या गाळात कोरडं वजन त्याहून बरंच कमी भरतं, कायम पाण्याखाली असलेल्या तलावात वरच्या थरात घन सेंटीमीटरला ०.१ ते ०.३ ग्रॅम एवढंच निघतं, तुमचा तलाव उन्हाळ्यात आटतो म्हणून गाळ दबलेला असणार, समजा ०.९ धरू. खालच्या थरात कार्बन कमी असतो, तर सरासरी १.२ टक्के धरू. आणि दीड मीटर जाडी ही पाळीजवळ (बांधाजवळ) सगळ्यात खोल जागी असेल, वरच्या अंगाला बोटभर पण नसतो, म्हणून सरासरी ०.८ मीटर. आता करा गुणाकार, ७६ चे होतात १४ टन. हे आकडे पण मी धरलेलेच आहेत, तुमच्या तलावाचे नाहीत, पण सांगायचं हे की तलाव तोच, लॅबचा रिपोर्ट तोच, आणि उत्तर पाचपटीने बदलतं. परीक्षकांनी एवढंच विचारलं की डेन्सिटी कुठून आणली, तर पुढे बोलायला काही राहत नाही.

दुसरी एक गंमत, टक्का जास्त म्हणजे पुरला जाणारा कार्बन जास्त हे पण खरं नाही. स्वीडनसारख्या ठिकाणी जंगलातल्या तलावात गाळात २० टक्के कार्बन सहज सापडतो, पण तो गाळ पिसासारखा हलका, डेन्सिटी समजा ०.०८, आणि वर्षाला मिलिमीटरभर साचतो. ०.२० गुणिले ०.०८ गुणिले ०.१ सेंटीमीटर म्हणजे चौरस मीटरला वर्षाला १६ ग्रॅम. आता शेतांमधला एखादा गढूळ तलाव घ्या, कार्बन फक्त ३ टक्के, डेन्सिटी ०.४, साचण्याचा वेग वर्षाला अर्धा सेंटीमीटर, तर होतात ६० ग्रॅम. म्हणजे टक्का सातपट कमी आणि पुरणं जवळपास चौपट जास्त. अमेरिकेत आयोवामध्ये शेतीच्या भागातल्या छोट्या जलाशयांवर २००८ साली आलेल्या अभ्यासात चौरस मीटरला वर्षाला १४८ पासून १७ हजार ग्रॅमपर्यंत आकडे आले होते, ते सगळं मातीच्या धुपीमुळे, गाळ काही फार काळाकुट्ट श्रीमंत होता म्हणून नाही.

आता कामाचं. गाळ हाताने काढायचा नाही, कोअर घ्यायचा, म्हणजे तळात उभा पाइप दाबून थर न मोडता गाळाचा दंडगोल बाहेर काढायचा. महागडा ग्रॅव्हिटी कोअरर मिळाला तर छान, नाही तर ६-७ सेंटीमीटर व्यासाचा पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा किंवा साधा पीव्हीसी पाइप, खालची कड घासून धारदार केलेली, आत पिस्टन, एवढ्यात उथळ तलावाचं काम होतं. पाइप दाबताना आतला गाळ दबतो, म्हणून पाइपच्या आत गाळ किती खाली गेला आणि बाहेर किती आहे दोन्ही मोजून लिहून ठेवायचं, हे कोणी लिहीत नाही आणि मग साचण्याचा वेग कमी दिसतो. कोअर उभाच ठेवायचा, आडवा करून गाडीच्या डिकीत टाकला की वरचे दहा सेंटीमीटर म्हणजे काला. शक्यतो काठावरच खालून ढकलून १-१ सेंटीमीटरच्या चकत्या कापायच्या, पिशवीत भरायच्या, नंबर टाकायचे.

डेन्सिटी याच चकत्यांवरून निघते. चकतीचं ओलं आकारमान पाइपच्या व्यासावरून माहीत असतं, ती १०५ डिग्रीला रात्रभर वाळवायची, डेसिकेटरमध्ये (ओलावा न शिरणाऱ्या बंद भांड्यात) थंड करून वजन करायचं, कोरडं वजन भागिले ओलं आकारमान, झालं. वाळलेल्या ढेकळाचं आकारमान घेऊ नका, चिकणमाती वाळताना आकसते आणि डेन्सिटी दुप्पट दिसू शकते. कार्बनसाठी वेगळा भाग ६० डिग्रीच्या आसपास वाळवा किंवा फ्रीझ ड्रायर असेल तर त्यात.

आता टक्क्याबद्दल, कारण लॅबच्या रिपोर्टवर तुमचा फार विश्वास दिसतोय. माती परीक्षण लॅबमध्ये जो सेंद्रिय कर्ब काढतात तो बहुतेक वॉकली-ब्लॅक पद्धतीने, म्हणजे डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक अ‍ॅसिड टाकून टायट्रेशन. या पद्धतीत कार्बनचं ऑक्सिडेशन पूर्ण होत नाही, साधारण ७७ टक्के होतं असं धरून १.३ ने गुणतात. शेतातल्या अर्धा-एक टक्का कार्बनवाल्या मातीसाठी ठीक चालतं. पण तळाच्या गाळात ऑक्सिजन नसतो, तिथे फेरस लोह आणि सल्फाइड असतात आणि तेही डायक्रोमेट खातात, म्हणजे कार्बन नसताना कार्बन दिसतो. सॅम्पल हवेत नीट वाळवलं असेल तर हा त्रास बराच कमी होतो, तेव्हा लॅबला आधी विचारा की ओलं घेतलं की वाळवून, आणि १.३ ने गुणलंय की नाही. एका लॅबच्या रिपोर्टमध्ये निम्म्या सॅम्पलना गुणलेलं आणि निम्म्यांना नाही असंही मी बघितलंय.

जाळून वजन घट काढायची पद्धत, एलओआय, ही तलाववाल्यांची आवडती. ५५० डिग्रीला चार तास, वजन किती घटलं ते सेंद्रिय पदार्थ, त्याचा साधारण निम्मा कार्बन. मग ९५० डिग्रीला दोन तास, तिथे कार्बोनेटमधला कार्बन डायऑक्साइड जातो, त्या घटीला २.२७ ने गुणलं की कॅल्शियम कार्बोनेट. स्वस्त आहे, शंभर सॅम्पल आठवड्यात होतात, आणि सेंद्रिय पदार्थ भरपूर असलेल्या गाळात उत्तम चालते. पण कार्बन २ टक्के आणि बाकी सगळी चिकणमाती असेल तर चिकणमातीच्या कणात अडकलेलं पाणीही ५५० ला उडतं, आणि ती घट सेंद्रिय पदार्थाच्या घटीएवढी किंवा जास्त असू शकते. मराठवाडा-पश्चिम विदर्भातल्या काळ्या मातीच्या तलावांत तर हे हमखास होणार, तुमच्याकडे पूर्वेला खडक वेगळा आहे, ग्रॅनाइट-नाइस, पण चिकणमाती आहेच. म्हणून एलओआय सगळ्या चकत्यांवर करा आणि त्यातल्या १५-२० चकत्या एलिमेंटल अ‍ॅनलायझरवर (कार्बन थेट मोजणाऱ्या यंत्रावर) पाठवून दोघांचा ग्राफ काढा, तुमच्या तलावाचा स्वतःचा गुणक त्यातून मिळेल. सेंद्रिय पदार्थावरून कार्बन काढायला पुस्तकातला निम्मा किंवा १.७२४ ने भागणं डोळे झाकून वापरू नका.

अ‍ॅनलायझरला देण्याआधी कार्बोनेट अ‍ॅसिडने काढावं लागतं, हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडच्या वाफेत ठेवून, आणि त्यासाठी चांदीची कॅप्सूल लागते, टिनची अ‍ॅसिडने खाल्ली जाते. शिंपले-गोगलगायींचे तुकडे आधीच चिमट्याने वेचून काढा. तुमच्याकडे कार्बोनेट फार नसेल. लोणारला मात्र हा सगळा खेळच वेगळा आहे, पाण्याचा पीएच १० च्या आसपास, गाळात कॅल्साइट, अ‍ॅरागोनाइट, आणि काही थरांत तर गेलुसाइटचे स्फटिक, ज्यात पाणीच पाणी भरलेलं असतं आणि ते साध्या ओव्हनमध्येच उडायला लागतं, वर गाळात मुरलेलं खारं पाणी वाळून मीठ मागे राहतं ते वेगळंच. तिथे नुसतं एलओआय करून कार्बन सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

आता मुख्य भानगड, वय. २५० ने भागायचं नाही. तलाव कधी बांधला आणि आत्ता जो गाळ पडलाय तो कधीपासूनचा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोहळी लोकांनी तलाव बांधले तेव्हापासून उन्हाळ्यात गाळ काढून शेतात टाकणं हा गावाच्या कामाचाच भाग होता, पाळ दुरुस्त करायलाही तळाचीच माती लागायची, आणि २०१७ पासून सरकारची गाळमुक्त धरण गाळयुक्त शिवार योजना आहे, जेसीबी लागला की वरचा शंभर वर्षांचा रेकॉर्ड दोन दिवसांत ट्रॉलीत. त्यामुळे कोअर घ्यायच्या आधी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना, ग्रामपंचायतीला, आणि ज्यांचा मासेमारीचा ठेका आहे त्या ढिवर मंडळींना विचारा की कुठून गाळ काढला, कधी काढला, कुठे कधीच काढला नाही. ट्रॉली जाऊ शकत नाही असा एखादा कोपरा जवळपास प्रत्येक तलावात असतो. कोअर तिथला घ्या.

वय काढायला लेड-२१०, म्हणजे किरणोत्सारी शिसं. हे कसं चालतं ते समजून घ्या म्हणजे कुठे फसतं ते पण कळेल. मातीतल्या युरेनियमच्या साखळीत रेडियम-२२६ येतं, त्यातून रेडॉन वायू, तो जमिनीतून हवेत सुटतो, काही दिवसांत त्याचं रूपांतर होत होत लेड-२१० बनतं आणि पावसाबरोबर, धुळीबरोबर खाली पडतं, तलावात गाळाला चिकटतं. अर्धायुष्य २२ वर्षांच्या आसपास, म्हणजे जेवढं खोल जावं तेवढं ते कमी होत जातं आणि १००-१५० वर्षांपर्यंत वय सांगतं, त्यापुढे नाही. गाळातल्या रेडियममधूनही थोडं लेड-२१० तिथल्या तिथे बनत असतं, ते वजा करावं लागतं, ग्रॅनाइटच्या भागात हे जास्त असू शकतं म्हणून वजाबाकी काळजीने. गॅमा काउंटरवर (किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्रावर) लेड-२१० चं पीक, म्हणजे ग्राफमधलं टोक, ४६.५ केईव्ही ऊर्जेला येतं, इतकं कमी ऊर्जेचं की सॅम्पल स्वतःच ते शोषून घेतं, त्याची दुरुस्ती हवी, आणि रेडियम काढायला सॅम्पल हवाबंद करून तीन आठवडे ठेवावं लागतं. कोणी म्हणालं आजच रिडिंग देतो तर समजून जा.

बहुतेक जण सीआरएस मॉडेल वापरतात, त्यात आकाशातून पडणारं लेड-२१० दरवर्षी सारखंच येतं असं धरतात आणि कोअरमध्ये एकूण किती आहे त्यावरून वय काढतात. कोअर खालपर्यंत पोचला नाही तर एकूण साठा कमी भरतो आणि खालचे थर आहेत त्यापेक्षा जुने दिसतात. आणि मधूनच गाळ उपसलेला असेल तर मॉडेलचं गृहीतकच मोडलं. तुमच्या तलावात आणखी वैताग, म्हशी डुंबतात, कमळाचे कंद खणतात, उन्हाळ्यात तळाला भेगा पडतात आणि पहिल्या पावसात वरची माती त्या भेगांत जाते. म्हणून मॉडेल लावायच्या आधी नुसता ग्राफ बघा, लेड-२१० वरून खाली हळूहळू घटतंय का. वरचे वीस सेंटीमीटर सपाट रेषा असेल तर तो गाळ ढवळलेला आहे आणि त्यातून वय काढणं म्हणजे सॉफ्टवेअरने दिलेली थाप आहे.

जोडीला सीझियम-१३७ नक्की बघा, त्याच काउंटिंगमध्ये ६६२ केईव्हीला फुकटात मिळतं. हवेतल्या अणुचाचण्यांमुळे आलेलं, १९५० च्या दशकात सुरुवात, १९६३ ला सर्वात जास्त. अर्धायुष्य ३० वर्षं म्हणजे तेव्हाचं आता चौथा हिस्सा उरलंय आणि आपल्या अक्षांशावर ते मुळातच कमी पडलं होतं, त्यामुळे काउंटिंगला जास्त वेळ द्यावा लागतो. युरोपातले पेपर वाचून १९८६ चं चेर्नोबिलचं पीक शोधत बसू नका. लेड-२१० ने १९६३ म्हटलेला थर आणि सीझियमचं पीक जवळपास जुळले तर कोअर चांगला. नाही जुळले तर दुसरा कोअर, मॉडेल बदलत बसू नये. भारतात हे काम रुरकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेने हिमालयातल्या तलावांवर केलेलं आहे, अहमदाबादच्या पीआरएलने (भौतिक संशोधन प्रयोगशाळेने) नैनितालवर, त्यांचे पेपर आधी वाचा.

कोणी हाच प्रश्न उजनीसारख्या धरणासाठी विचारला तर तिथे मात्र सोपा मार्ग आहे. धरण १९८० चं, गाळाखाली जुनी शेतजमीन लागते, मुळं-ढेकळं दिसतात, डेन्सिटी एकदम उडी मारते, तो थर म्हणजे १९८०. लेड-२१० तिथे उलट त्रास देतं कारण इतका गाळ येतो की ते पातळ होऊन जातं. तुमच्या तलावातही तळाची जुनी जमीन सापडली तर नोंदवा, पण तिचं वय २५० वर्षं असं लिहू नका.

वेगाचं गणित सेंटीमीटरमध्ये न करता वजनात करा, म्हणजे वरून खालपर्यंत प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर एकूण किती कोरडा गाळ आहे ते साठवत जायचं आणि वय त्याच्यासमोर मांडायचं. खालचा गाळ दबलेला असतो त्याचा घोळ यात आपोआप निघून जातो. मग साचण्याचा वेग (ग्रॅम दर चौरस सेंटीमीटर दर वर्षी) गुणिले कार्बनचा टक्का, ते १०,००० ने गुणलं की चौरस मीटरचा आकडा.

हा आकडा एका कोअरचा झाला, तलावाचा नाही. चहाच्या कपात पत्ती मधोमध जमते तसा बारीक, कार्बनवाला गाळ खोल जागी सरकतो, त्यामुळे खोलातला एक कोअर घेऊन ४० हेक्टरने गुणलं तर उत्तर फुगतंच. हे तपासायला एक युक्ती आहे, कोअरमध्ये एकूण जेवढं लेड-२१० सापडलं ते आकाशातून पडायला हवं त्यापेक्षा किती पट आहे बघायचं. दुप्पट असेल तर तिथे आजूबाजूचा गाळ पण येऊन बसलाय (पाणलोटातूनही काही येतं, ते लक्षात ठेवून). आणि प्रोजेक्टच्या बजेटमध्ये बसणारा उपाय म्हणजे एक किंवा दोन कोअरचं वय काढायचं, बाकी दहा-बारा कोअर नुसते एलओआय आणि डेन्सिटीसाठी, त्यातले ओळखीचे थर वयवाल्या कोअरशी जुळवायचे, आणि गाळाची जाडी सळई टोचून ५०-५० मीटरवर जीपीएस लावून मोजायची. एप्रिल-मेमध्ये तलाव आटला की हे काम पायी होतं. यात पैसा लागत नाही, नुसते कष्ट, आणि रिझल्ट सगळ्यात जास्त यानेच सुधारतो.

वरच्या काही सेंटीमीटरबद्दल एक सांगायचं राहिलं. तिथे टक्का नेहमी जास्त दिसतो आणि लोक लगेच लिहितात की अलीकडे कार्बन पुरणं वाढलंय. तो अजून कुजायचा आहे एवढंच. स्वीडनच्या निलांडशॉन तलावात दरवर्षीचा थर वेगळा दिसतो, तिथे तोच थर वर्षानुवर्षं मोजला तेव्हा पहिल्या ५ वर्षांतच कार्बन २० टक्क्यांनी घटला आणि २७ वर्षांनी एकूण घट २३ टक्के, म्हणजे जे जायचं ते लवकर जातं. आपल्याकडे पाणी गरम, तळ दरवर्षी उघडा पडतो, तेव्हा घट जास्तच धरा. पुरलेला कार्बन म्हणायचं तर निदान वरची दहा वर्षं सोडून खालचा टक्का घ्या. तुमचे पाचही सॅम्पल नेमके या वरच्या थरातले आहेत.

हा कार्बन आला कुठून हे पण गाइड विचारतीलच. कार्बन-नायट्रोजन गुणोत्तर ४ ते १० च्या आसपास म्हणजे शेवाळ, २० च्या वर म्हणजे जमिनीवरची झाडं, असं पुस्तकात असतं. कार्बन-१३ ने (कार्बनचा थोडा जड प्रकार, म्हणजे आयसोटोप) ऊस-ज्वारीवाल्या भागात मजा येते कारण त्यांची सही वेगळी असते. तुमच्याकडे धान, बेशरमाची झुडपं, कमळ, शिंगाडा, सगळे एकाच गटातले, त्यामुळे आयसोटोपवर फार पैसे घालवू नका, गुणोत्तर काढा आणि शेतातल्या मातीचे पण दोन-चार सॅम्पल बरोबर मोजा.

कार्बन क्रेडिटचं म्हणाल तर विसरा. शेतातून वाहून आलेला कार्बन तलावात बसला म्हणजे हवेतून नवीन काही काढलं असं होत नाही, जागा बदलली फक्त. उथळ, गरम, वनस्पतींनी भरलेल्या तलावातून मिथेन निघतो, आणि मिथेन शंभर वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या २७-२८ पट भारी, तो न मोजता तलाव कार्बन साठवतो म्हणणं अर्धवट. शिवाय चार वर्षांनी तो गाळ उपसून शेतात टाकणार, तिथे त्यातला बराच भाग परत हवेत. शेताला तो गाळ चांगलाच आहे, फक्त त्याला साठा म्हणू नका. जगाचाच आकडा किती हलतोय बघा, तलाव-जलाशयांत वर्षाला पुरल्या जाणाऱ्या कार्बनचा अंदाज २००७ ला २० कोटी टन होता, २००९ ला ६० कोटी, २०१७ च्या अभ्यासात १५ कोटी आणि त्याचीही रेंज ६ ते २५, त्यातला ४० टक्के धरणांचा वाटा. आणि या सगळ्यात उष्ण भागातल्या छोट्या तलावांचे कोअर फारच थोडे आहेत, म्हणून तुमचं काम नीट झालं तर ते कामाचं आहे, क्रेडिट मिळो न मिळो.

प्रोजेक्टमध्ये एक आकडा न लिहिता रेंज लिहा, आणि त्यात टक्क्यामुळे किती, डेन्सिटीमुळे किती, वयामुळे किती फरक पडतो ते वेगवेगळं दाखवा, बहुतेक वय आणि जाडी हेच सगळ्यात मोठे निघतील. वेळ कमी असेल आणि काउंटिंगला नंबर लागत नसेल तर वर्षाचा हिशोब सोडून द्या, फक्त तलावात आज किती टन सेंद्रिय कार्बन पडून आहे एवढंच सळई, कोअर आणि एलओआयवर नीट काढा, मास्टर्सला तेवढं पुरतं. आणि मे संपायच्या आत उरका, नंतर पाऊस लागला की तळात पाय ठेवता येत नाही, आणि ठेकेदार सोसायटीला आधी सांगून जा, त्यांच्या जाळ्यात पाइप अडकवलात तर पुढचा कोअर मिळणं अवघड आहे.